कोपऱ्यातला ठप्पा

माझ्या नावापुढे बी.ए. ही अक्षरं लागली ती आमच्या पोस्टमास्तरांमुळे. आईवडिलांनी खडी फोडून मॅट्रिकपर्यंत शिकवलं, ते ऋण वेगळं, ते फिटायचं नसतंच. पण घराबाहेरच्या माणसांत मी सर्वांत जास्त कोणाचं देणं लागतो असं विचारलं, तर उदगीरच्या अलीकडच्या एका बाजारगावात सबपोस्टमास्तर असलेल्या या गृहस्थांचं. गावात त्यांना सगळे नुसतं ‘मास्तर’ म्हणत. मीही इथे तेच म्हणतो. ऋणाची गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकली, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून ती कोणाच्या लक्षात येणार नाही.

मी कारकून म्हणून रुजू झालो ते दुष्काळाचं वर्ष होतं. आईवडील नायगावकडे दुष्काळी कामावर होते. मी एक पत्र्याची ट्रंक घेऊन पोस्टात हजर झालो. काउंटरमागे एक उंच, वाळका माणूस मे महिन्यात खाकी कोट घालून बसला होता. गळ्यात दोऱ्याने बांधलेलं भिंग. त्यांनी माझा नेमणुकीचा हुकूम वाचला, उलटा करून उजेडात धरला आणि विचारलं, “ट्रंकेत काय हाय?”

“कपडे आन् पुस्तकं, साहेब.”

“उघड.”

मी उघडली. त्यांनी कपड्यांना हात लावला नाही. एकेक पुस्तक घेऊन पानं फडफडवली.

“पुस्तकात तिकिटं ठिवत न्हाईस ना?”

“न्हाई, साहेब.”

“आज न्हाई ठिवत. उद्याचं कोणी सांगावं?”

असं आमचं पहिलं बोलणं. मला राग आला होता. आमच्या लोकांकडे बघून पिशवी सावरणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली होती. हेही तसलेच, असं मी मनाशी धरलं. चार दिवसांत कळलं की मास्तर सगळ्यांवरच सारखा संशय घेतात. शाळेच्या हेडमास्तरांनी पाकीट दिलं तरी “आत कागदच हाय ना?” म्हणून दाबून बघत. गावातल्या कोणाचंही अक्षर पत्त्यावरून ओळखत आणि एखाद्याचं अक्षर बदललेलं दिसलं, की विचारत, “आज दुसऱ्यानं लिहून दिलं काय? का बरं?”

त्या वर्षी पोस्टातल्या मडक्यात दिवसाला जेमतेम दोन तांबे पाणी पडे. लोक तिकीट जिभेला लावून चिकटवत. ते पाहिलं की मास्तर खुर्चीवरून अर्धे उठत.

“आवो दादा, चाटता काय! मागून कोणी तुमची मान चाटली तर चालंल का?”

तिकिटावर माणूस असला की तो माणूस त्यांच्या लेखी हजर असे. शेवटी ते घरून रुमालाने झाकलेला छोटा तांब्या आणू लागले आणि त्यातलं पाणी फक्त स्पंजला. बाजारात हसं झालं. “माणसाला प्यायला न्हाई, आन् मास्तर तिकिटाला पाजून राहिला.”

तिकिटांवरच्या माणसांची नावं ते कधी घेत नसत. “नाव घेऊन हाक मारायला आपण काय त्यांचे दोस्त हाव?” म्हणून फेटेवाले, घोड्यावरची बाई, चरखेवाले बाबा, विस्कटलेल्या केसांचे गोरे, अशी ओळख चाले. मीही पुढे तसंच बोलू लागलो, आणि त्यांच्याविषयी लिहिताना नाव घ्यायला आजही जीभ रेटत नाही.

एका पाकिटावर दोन-तीन तिकिटं लावायची असली, की कोणाशेजारी कोण बसणार हे ते ठरवत. एकदा एका शेतकऱ्याच्या रजिस्टर पत्रावर मी दोन तिकिटं शेजारी लावली. मास्तरांनी भिंग उचललं.

“काय केलंस हे? ह्या दोघांचं हयातीत जमलं न्हाई. भाषणातून एकमेकाचे वाभाडे काढले. आन् आता तू त्यायला दिल्लीपर्यंत खांद्याला खांदा लावून पाठवून राहिलास?”

“मग काय करू, साहेब?”

“मधी कारखान्याचं तिकीट लाव. कारखान्याचं कोणाशी भांडण न्हाई.”

तो शेतकरी हात जोडून म्हणाला, “मास्तर, ल्योकाचा अर्ज हाय, कसंबी लावा, पण आज जाऊ द्या.”

अर्ज त्याच दिवशी गेला, मध्ये कारखाना लावून.

कोणाचं कोणाशी जमलं नाही हे त्यांना कळायचं माहितीपत्रकांवरून. नव्या तिकिटाबरोबर खातं एक घडीपत्रक काढी. मास्तर ते मोठ्या ऑफिसातून मागवून घेत. दुपारची थैली स्टेशनला गेली, की मला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावत आणि मध्येच विचारत, “हे खरं वाटतं का तुला? सगळंच चांगलं लिवलं हाय. वाईट कोण सांगंल?” मग म्हणत, “लायब्ररीतून दुसरं पुस्तक आण. दोन्ही ताडून बघ.” इतिहास कसा वाचायचा हे मी कॉलेजात शिकलो नाही. संशयी पोस्टमास्तरासमोर शिकलो. बाहेरून परीक्षा द्यायचा अर्ज त्यांनीच माझ्याकडून भरून घेतला. सरकारी अर्जातली भाषाही त्यांचीच. ‘विनम्रपणे निदर्शनास आणतो की’ हे वाक्य मी त्यांच्याकडून प्रथम ऐकलं आणि गिरवलं. मी इंग्रजीत दोनदा नापास झालो तेव्हा ते म्हणाले, “इंग्रज गेले, पर्चा ठिवून गेले. बस पुन्हा.” प्रत्येक परीक्षेच्या वेळी माझं काम स्वतः करून मला नांदेडला पाठवत.

आता ठप्प्याविषयी सांगतो, कारण सगळं त्यातूनच झालं.

पत्र पुढे पाठवण्याआधी तिकिटावर तारखेचा ठप्पा मारून ते रद्द करायचं असतं. ठप्पा तिकिटावर चांगला उमटला पाहिजे, म्हणजे ते तिकीट कोणी पुन्हा वापरू शकत नाही. मास्तर ठप्पा उचलत, नेम धरत आणि तिकिटाच्या एका कोपऱ्यावर हलकेच टेकवत. चेहऱ्यावर कधीही नाही. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“अब्बा टांगा चालवायचे उदगीरला,” ते म्हणाले. “घोडा कितीबी अडू दे, तोंडावर चाबूक न्हाई. म्हणायचे, मारायचं तर पाठीवर मार, तोंडावर कोणालाच मारायचं न्हाई. जनावरालाबी न्हाई. आन् हे तर मोठे लोक. त्यातून मेलेले. उलटा हात उगारू शकत न्हाईत.”

मला हे वेड वाटलं. मी नियमाप्रमाणे ठप्पे मारत राहिलो आणि ते माझ्या प्रत्येक ठप्प्याला डोळे मिटत राहिले.

मग एकदा नवीन तिकिटं आली, त्यांत आमच्या भिंतीवरचे होते. गावाकडे आमच्या खोपटात फोटो एकच होता. आई रोज सकाळी कामावर जायच्या आधी पदराने त्याची काच पुसायची. काउंटरवर पहिलं पाकीट आलं, मी ठप्पा उचलला, आणि माझा हात खाली येईना. रांगेतला माणूस म्हणाला, “बाबू, झोपले काय?” मी कोपऱ्यावर ठप्पा टेकवला. मास्तरांनी पाहिलं. शाईची गादी माझ्याकडे थोडी सरकवली, इतकंच. त्या दिवसापासून आमच्या पोस्टात कोणाच्याच तोंडावर ठप्पा पडला नाही.

याचा फायदा कोणाला झाला असेल? मास्तरांचा संशय अडत दुकानाच्या मुनिमावर होता. धान्याच्या बाजारात रोज ढीगभर पत्रं येत-जात. मुनिमाची पाकिटं आली की मास्तर भिंग लावून बसत. “कोपरा बघ. शाई पुसल्यावानी न्हाई वाटत?”

मुनीम काउंटरवर कोपर टेकवून म्हणे, “मास्तर, पोरीची सोयरीक बघून राहिले काय? इतकं तर आमी सुनंलाबी न्हाई बघितलं.”

सिद्ध कधी काही झालं नाही. पण गाव मात्र मास्तरांवरच संशय घेत होतं, आणि त्याला कारणं होती. ते लोकांकडून रिकामी पाकिटं मागत. “वाचून झालं की टाकू नका, मला आणून द्या.” पोस्टाच्या मागे त्यांचं राहतं घर, त्यातल्या शेवटच्या खोलीचं दार कायम ओढलेलं. पोस्टमन अण्णा मला म्हणायचे, “रिकाम्या पाकिटाचं माणूस काय करतो, बाबू? तुमी शिकलेले. तुमीच बगा.” आणि आवाज उतरवून, “त्यायच्यातलं आपल्याला काय कळतंय?”

मी हे ऐकून घेत असे. ‘त्यायच्यातलं’ म्हणजे काय ते मला कळत होतं. अण्णांना थांबवावं असं एकदाही वाटलं नाही.

अशी वर्षं गेली. मग लातूर जिल्हा वेगळा झाला. गावात गुलाल उधळला, दुकानांच्या पाट्या बदलल्या. लोक आनंदाने नव्या जिल्ह्याचा पत्ता लिहू लागले आणि मास्तर प्रत्येकाला विचारत, “पक्कं हाय ना? का फिरून बदलून राहिले?” आमच्या खात्यातही नवे अधीक्षकसाहेब आले. त्यांचं परिपत्रक आलं, की या भागात वापरलेली तिकिटं पुन्हा वापरली जात आहेत आणि कोणाला काही आढळल्यास त्याने विनाविलंब कळवावं. मी रोजच्यासारखं मोठ्याने वाचलं. मास्तर एकच शब्द बोलले. “मुनीम.”

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी दुपारी मी मागच्या गल्लीतून जात होतो. शेवटच्या खोलीची खिडकी उकाड्याने उघडी राहिली होती. आत मास्तर जमिनीवर बसले होते. पुढे पितळी परात, परातीत पाणी, पाण्यावर तिकिटं तरंगत होती. त्यांनी एक तिकीट तळहातावर घेतलं आणि काडीला गुंडाळलेल्या कापसाने त्यावरची काळी शाई पुसायला लागले. भिंग डोळ्याला लावून, हळूहळू.

मी त्यांना हाक मारायला हवी होती. बारा पावलांवर दार होतं. मी खोलीवर आलो, कडी लावली आणि डाव्या हाताने अर्ज लिहिला. पोस्टमास्तर वापरलेली तिकिटं धुतात, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नाव घातलं नाही. आमच्या पेटीत टाकला असता तर त्यांच्या नजरेस पडला असता, म्हणून उदगीर स्टेशनावरच्या पेटीत टाकून आलो. परत येताना मला आपण फार प्रामाणिक माणूस आहोत असं वाटत होतं. हे लिहायला आज लाज वाटते, पण वाटलं होतं.

इन्स्पेक्टरसाहेब आठ-दहा दिवसांनी आले. थेट मागच्या खोलीत गेले. तिथे सात जाड वह्या निघाल्या. पानापानावर तिकिटं, खळीने अशी घट्ट चिकटवलेली, की नखाने निघेनात. प्रत्येकाखाली मास्तरांच्या अक्षरात त्या माणसाची हकीकत. तिकिटं सगळी दुसऱ्या गावांहून आलेली, तिथल्या पोस्टांनी तोंडावर ठप्पे मारलेली. मास्तरांनी त्यांची तोंडं धुतली होती. दुसरं काही केलं नव्हतं.

“कशासाठी?” साहेबांनी विचारलं.

“काळी दिसत होती, साहेब.”

मास्तरांच्या बीबी कधी पोस्टाच्या बाजूला येत नसत. त्या दिवशी पडद्याआडून त्यांचा आवाज आला. “साहेब, तीस वरसं झाली लगीन होऊन. घरात ह्यांनी एक पेला धुतला न्हाई. आन् ह्या मुर्द्यांची तोंडं धुवत बसतात! न्यायचं तर त्या वह्या घेऊन जा, ह्यांना ठिवा.”

अण्णा पोस्टमन हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, “रद्द झालेलं तिकीट धुणं हाच गुन्हा आहे. कारण खातं विचारत नाही.” मग खिशातून एक कागद काढला. “तुम्ही म्हणे गावातलं प्रत्येक अक्षर ओळखता. हे कोणाचं?”

माझा अर्ज होता. मास्तरांनी भिंग लावलं. वरपासून खालपर्यंत वाचला, उजेडात धरला, पुन्हा पहिल्या ओळीवर आले. मी कपाटाला टेकून उभा होतो.

“गावातलं न्हाई, साहेब,” ते म्हणाले. “बाहेरचं अक्षर हाय.”

मग साहेबांनी पिशवीतून कोपऱ्यात ठप्पा असलेली पाकिटं काउंटरवर पसरली. सगळी आमच्या पोस्टातून गेलेली. “हे अर्धवट ठप्पे कोणाचे?”

त्यातले निम्मे माझे होते. माझा ठप्पा उजव्या कोपऱ्यात पडे, त्यांचा डाव्या. जवळून बघणाऱ्याला फरक कळला असता.

“माझे,” मास्तर म्हणाले. “पोस्टाचा परमुख मी हाय. सगळे माझे.”

दीड वर्षाने त्यांची नोकरी पुरी होणार होती, आणि तीही आता राहते की जाते हे त्या कागदांवर ठरत होतं. मला हे ठाऊक होतं, तरी मी बोललो नाही.

“तर मग आजचं टपाल माझ्यासमोर रद्द करा. नियमाप्रमाणे. पूर्ण,” साहेब म्हणाले.

मास्तर खुर्चीवर बसले. ठप्पा हातात घेतला. गठ्ठ्यातलं सर्वांत वरचं पाकीट पाहिलं. मलाही ते दिसलं. त्यावर आमच्या भिंतीवरचे होते. मास्तरांनी मान वर केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “बाबू, स्टेशनची थैली आली का ते बाहेर जाऊन बघ जरा.”

थैली यायला अजून तासभर होता. मी बाहेर जाऊन ओट्यावर उभा राहिलो. आतून पहिला ठप्पा ऐकू आला. मग थोडा वेळ काही नाही. मग एकामागून एक.

संध्याकाळी साहेब वह्या जप्त करून गेले. आम्ही दोघंच राहिलो. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर मास्तर लाखेचा डबा बंद करत म्हणाले, “डाव्या हातानं अक्षर बदलतं, बाबू. मजकूर बदलत न्हाई. ‘विनम्रपणे निदर्शनास आणतो की.’ अख्ख्या तालुक्यात असं कोण लिवतं?”

त्यांनी डबा कपाटात ठेवला.

“शक आला तर लिवावं. मी उलट म्हणणार न्हाई. मीच तर शिकवलं. पण खाली नाव लिवायला पायजे होतं रे.” मग कपाटाला कुलूप लावत, “आन् माझंबी चुकलंच. मी तोंडं वाचवत बसलो, आन् कोपरे पुसायची सोय मुनिमाला करून दिली. आता पुरा ठप्पा मारत जा.”

महिन्याभरात त्यांची बदली किनवटकडच्या एका जंगलातल्या पोस्टात झाली. चौकशी चालूच राहिली. जायच्या दिवशी स्टेशनावर अण्णा होते आणि मी होतो. गाडी हलताना त्यांनी खिडकीतून विचारलं, “शेवटचा पर्चा कधी?”

“सोमवारी, साहेब.”

“कोणाला कामावर ठिवून जाशील? नव्या मास्तराचा भरवसा न्हाई. रजा आधीच लिहून घे त्याच्याकडून.”

मी पास झालो. निकालाचा कागद गावी नेला, आईने तो दोन्ही हातांनी धरला, उलटा होता. दुसऱ्या दिवशी परत येऊन मी मास्तरांना पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे. खाली स्वतःचं, वडिलांचं आणि गावाचं नाव होतं, तेवढं इथे गाळतो.

आदरणीय मास्तरसाहेबांस,

शि. सा. न. वि. वि.

मी बी.ए. झालो. इतिहासात दुसरा वर्ग मिळाला. इंग्रजीत काठावर सुटलो.

तुमच्याविरुद्धचा अर्ज मी लिहिला होता. तुम्हाला माहीत आहे, पण मी तोंडाने कबूल केलं नव्हतं, ते आता करतो. कोपऱ्यातल्या ठप्प्यांपैकी उजवीकडचे माझे होते. आज मी अधीक्षकसाहेबांना रजिस्टरने निवेदन पाठवलं आहे. त्यात या दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत. तुमच्या वह्यांतलं एकही तिकीट कधी पाकिटावर गेलं नाही, ते खळीवरून निघूच शकत नाही, हे साहेबांनी स्वतः वही भिजवून पाहावं, अशी विनंती केली आहे आणि वह्या तुम्हाला परत द्याव्यात असंही मागितलं आहे. निवेदन उजव्या हाताने लिहिलं, खाली पूर्ण नाव घातलं. नव्या मास्तरांना आधी वाचून दाखवलं. ते म्हणाले, नोकरी जाईल. मी म्हटलं, जाऊ शकते.

मला त्या दिवशी तुम्हाला हाक मारता आली असती. खिडकी उघडी होती. दुसरं कोणी परातीत हात घालून बसलेलं असतं, हेडमास्तर असते, तर मी हाक मारली असती. तुम्हाला मारली नाही. लोक आमच्याकडे ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेने मी तुमच्याकडे पाहिलं. हे निवेदनात लिहिलेलं नाही, त्याला तिथे रकाना नव्हता, म्हणून तुम्हाला लिहितो.

बीबींना माझा सलाम सांगा. तिकडे थंडी फार असते म्हणतात.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल, असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडलं आहे. चालणार नाही. दोन ओळी लिहा.